सरदारचा उजवा खांदा

बोदलकशाच्या तलावाकडून तिरोड्याला जाताना लागणाऱ्या त्या गावात कोणाचं भलं झालं की पहिली झळ खेमराज बिसेनला लागायची. झळ म्हणजे खरीखुरी झळ. थंडीच्या दिवसांत घरचं मांजर चूल सोडून त्याच्या पोटाला टेकून झोपायचं. त्याची बायको कुंदाबाई तर शपथेवर सांगते. रामलालच्या जावयाला नोकरी लागल्याची बातमी आली, तेव्हा तिनं ओलं लुगडं चुकून नवऱ्याच्या पाठीवर टाकलं होतं. बातमी पुरती सांगून व्हायच्या आत ते काठासकट वाळलं.

बाकीच्यांवर तो असा येता-जाता जळायचा. इतवारी उईकेवर मात्र मनापासून, वेळ काढून जळायचा. कारण जखमेवरचा पाला दोघांच्याही घरात होता.

खेमराजचा पाला आजाच्या वेळचा. आजानं गावाच्या वरच्या अंगाला बोडी बांधली होती, धानाला पाणी देणारा लहानसा तलाव. एका आषाढात तिची पार, म्हणजे मातीचा बांध, फुटली. गाव मातीच्या टोपल्या घेऊन धावलं, तर आजा म्हणाला, टोपल्या ठेवा खाली. त्यानं भगदाडाच्या दोन्ही काठांना कसलासा पाला चोळला आणि दुपारपर्यंत पार कातडीसारखी जुळून आली. खपली पुढच्या होळीला पडली, ती उचलायला बैलबंडी लागली. हे ज्याला पटत नसेल त्याला खेमराज हात धरून पारेवर न्यायचा आणि व्रण दाखवायचा.

इतवारीचा पाला नागझिऱ्याच्या जंगलातला. त्याच्या बापानं म्हणे बोदलकशाच्या काठावर मासे विकणाऱ्या ढिवराच्या पाटावर कापून ठेवलेल्या मरळीला तो लावला होता. मासोळीचा मागचा अर्धा भाग तोवर विकला गेला होता. पुढचा अर्धा उठला, पाण्यात शिरला, आणि अजूनही बाजाराच्या दिवशी काठाशी येऊन लोकांच्या पिशव्यांत डोकावतो, आपलं उरलेलं कुठं दिसतं का म्हणून.

दोन्ही घरांची रीत मात्र एकच होती. पाल्याचं नाव तोंडातून काढायचं नाही आणि वाटताना परक्याला पाहू द्यायचं नाही. नाहीतर गुण जातो.

तर यंदा उन्हाळ्यात जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर पुष्पांजली मॅडम गावात आली. गोंदिया शहरातली पोरगी, बोलायला गोड, पण नजर सुईसारखी. चिखलणीत जू घासून बैलांच्या खांद्यांना जखमा होतात, त्यांचा ती अभ्यास करत होती. गावठी पाला लावून जखम खरंच लवकर भरते, की आपण उगाच म्हणतो, एवढंच तिला पाहायचं होतं. इतवारीनं आपल्या देवापुढं तांदळाचे दाणे टाकले, कौल घेतला आणि मुळासकट झाड आणून तिच्या हातात दिलं. तिनं त्याच्या अंगणात बसून चहा घेतला. धानाची रोवणी आटोपली, अभ्यासाला परवानगी मिळाली आणि इतवारीचा झाड धरलेला फोटो गोंदियाच्या पेपरात आला.

त्या दिवशी खेमराज जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच धुतलेला सदरा घालून दवाखान्यात हजर.

"मॅडम, तुमी चुकीच्या घरी चहा पिऊन राहिल्या."

"का हो काका?"

"खरा पाला माह्या घरी आहे. इतवारीचावाला बकरीच्या बी कामाचा नाई."

मॅडम हसली. "काका, यंदा एकाच पाल्याची परवानगी आहे. ते झाड ओळखून घेतलं, प्रयोगशाळेत तपासलं, तेव्हा कुठं ती मिळाली. तुमचा पाला पुढच्या वर्षी बघू. पण तुमच्या बैलाचे खांदे घासलेत ना? तो द्याल का अभ्यासाला?"

म्हणजे बैल खेमराजचा, गोठा खेमराजचा, चारा खेमराजचा, आणि नाव इतवारीचं! खेमराजचे कान तापले. तो उठलाच होता, पण दारापर्यंत पोचेतो त्याच्या डोक्यात काहीतरी वळवळलं आणि तो मागं फिरला.

"देतो," तो म्हणाला. "विज्ञानासाठी माणसानं द्याले पाहिजे."

मॅडमची पद्धत साधी होती. बैल एकच, चारा एकच, माश्या त्याच. खांद्याच्या डाव्या अंगाला इतवारीचा पाला, उजव्या अंगाला दवाखान्याची मलमाची ट्यूब. पाला रोज इतवारीनं येऊन लावायचा, ट्यूब मालकानं लावायची. दुसरं काहीही लावायचं नाही, हळदसुद्धा नाही. अधूनमधून मॅडम येणार, जखमेवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा धरणार आणि पेनानं काठ गिरवून नेणार. गावातल्या आणखी काही बैलांवरही असंच चाललं होतं, पण त्या सगळ्यांत खेमराजचा सरदार उंच, पांढरा, देखणा. लोकांचे डोळे त्याच्यावरच होते.

खेमराजच्या डोक्यात वळवळलं होतं ते असं. डाव्या अंगाला हात लावायचा नाही, तिथं इतवारी जाणे आणि त्याचा पाला जाणे. उजव्या अंगाला ट्यूबच्या खाली आजाचा पाला गुपचूप लावायचा. मग उजवी जखम धावत सुटेल, डावी रांगत राहील, आणि सगळ्या गावासमोर इतवारी पडेल. खोटं बोलायचं नाही, कोणाचं बिघडवायचं नाही, उलट जनावराचं भलंच करायचं. इतका सज्जन कट त्यानं आयुष्यात केला नव्हता. इतवारी यायच्या आधी तो पारेवर जाऊन पाला आणायचा, गोठ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून वाटायचा, जखमेत भरायचा आणि वरून ट्यूब फासायचा. मलमाच्या पांढऱ्यात हिरवं बुडून जायचं.

कट सज्जन होता, पण इतवारी रोज दारात येणं, ते सोसणं कठीण होतं. कुंदाबाई त्याला पाहुण्यांचा कप काढायची.

"त्याले गिलासात दे ना वो," खेमराज आतून कुजबुजायचा.

"काऊन जी? आपल्या जनावराची सेवा करून राहिला बिचारा."

"सेवा नाई, मिरवून राहिला तो."

आणि सरदार! खेमराजनं वासराचा बैल केलेला तो सरदार, मालक पुढं आला की शिंग हलवायचा आणि इतवारी आला की मान खाली घालायचा. इतवारी त्याच्या कानाशी गोंडीत काहीबाही पुटपुटायचा. खेमराजसारख्या पोवाराच्या घरचा बैल, त्याला गोंडी कुठून समजणार? पण समजल्यासारखे डोळे मिटायचा.

"काय सांगून राहिला गा त्याले?" एकदा खेमराजला राहवलं नाही.

"काई नाई भाऊ. दुखलं तं माफ कर म्हनलं."

"मी बी म्हनतो तसंच," खेमराज म्हणाला. म्हटलं त्यानं कधीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी एकटा असताना म्हणून पाहिलं, तर सरदारनं त्याच्या पायावर शेण टाकलं.

पण आजाच्या पाल्यानं आपलं काम केलं. उजवी जखम अशी भरत चालली, की सकाळी पाहिलेली दुपारी शोधावी लागे. मॅडमनं नवा तुकडा जुन्यावर ठेवून उजेडात धरला आणि तिच्या भुवया वर गेल्या. उजवीकडचा काठ आवळ्याएवढा राहिला होता. डावीकडचा हळूहळू आत येत होता, पण अजून चांगला तळहाताएवढा होता.

"काका, ट्यूबचा इतका फरक मला दुसऱ्या कुठल्या बैलात दिसला नाही."

"माह्या हाताचा गुन," खेमराज विनयानं म्हणाला.

इतवारी डाव्या अंगाला उभा होता. तो आपल्या बोटांना लागलेल्या हिरव्याकडं पाहत राहिला. खेमराजच्या पोटात त्या दिवशी इतका गारवा पसरला, की मांजर उठून चुलीपाशी गेलं.

हा गारवा चावडीपर्यंत टिकला. तिथं रामलाल लोकांना सांगत होता, "अरे, त्या ट्यूबनं कमाल केली! खेमराजच्या बैलाचा खांदा असा झाला, जसा नवा शिवून लावला."

"ट्यूबनं?" खेमराज थबकला.

"मंग काय तं! तुयाच गोठ्यातली गोष्ट, अन् तुलेच माहीत नाई का?"

घरी आला तर कुंदाबाई टाचा चोळत बसलेली. "अजी, त्या ट्यूबमधली थोडी मले ठेवा ना. टाचा फुटल्या माह्या. लई गुनाची आहे म्हनते सारं गाव."

"अवं, माह्या आजाचा..." खेमराजनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

इतवारी पडला होता, पण त्याच्या जागी बोटभर लांबीची एक ट्यूब उभी राहिली होती. माणसावर जळता येतं. त्याच्या पागोट्याला नावं ठेवता येतात, त्याच्या पोराच्या लग्नात भाजी खारट म्हणता येते. ट्यूबला काय म्हणणार? खेमराज गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलेल्या त्या ट्यूबकडं पाहायचा आणि ती पोट दाबून हसल्यासारखी दिसायची. एकदा त्यानं तिच्यावर पाय ठेवला, तर मलम उडून त्याच्याच धोतराला लागलं. तिथला झिजलेला धागा म्हणे भरून आला.

त्यानं सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. पाला बंद करावा? आता उजवीकडं बंद करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. डावीकडं लावावा? मग डावी जखम भरेल, पाला जिंकेल, आणि फोटो पुन्हा इतवारीचा येईल. आजाचा पाला त्याच्या मुठीत होता, आणि त्या पाल्यानं तो कोणालाही राजा करू शकत होता. इतवारीला करू शकत होता, ट्यूबला करू शकत होता. फक्त बिसेनांच्या घराला करू शकत नव्हता. या पेचात तो इतका वाळला, की कुंदाबाईनं सदऱ्याच्या गुंड्या आत सरकवून शिवल्या.

खांदशेकणीचा दिवस आला. उद्या पोळा, त्याच्या आदल्या संध्याकाळी वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं, ही झाडीपट्टीतल्या घराघरातली रीत. मॅडमनं आधीच बजावलं होतं, की शेवटचं गिरवून होईस्तोवर हळद लावू नका. म्हणून बायका कढत तुपाच्या वाट्या आणि पळसाची पानं घेऊन गावाच्या आखरावर, गुरं गोळा होतात त्या माळावर, ताटकळत उभ्या होत्या. बैल धुतलेले, शिंगं रंगवलेली, आणि मॅडम एकेका खांद्याशी वाकून प्लास्टिक धरत होती. सरदार शेवटी आला.

तिनं दोन्ही तुकडे पाहिले. मग खेमराजकडं पाहिलं.

"काका, बाकीच्या बैलांत पाला आणि ट्यूब जवळपास बरोबरीनं चालले. इथं एकट्या सरदारमध्ये ट्यूब पळत सुटली. मला नीट सांगा, उजवीकडं दुसरं काही लावलं होतं?"

आखरावरचे सगळे पुढं सरकले.

"नाई," खेमराज म्हणाला. "बैलाची आन."

"बरं." तिनं पेन उघडलं. "मग आहे तसं लिहिते. बायांनो, लावा आता हळद."

कुंदाबाईनं पळसाचं पान तुपात बुडवून सरदारच्या उजव्या खांद्याला लावलं. सरदार शांत. मग ती डावीकडं गेली आणि पान टेकवताच सरदारनं असा झटका दिला, की वाटी उडाली आणि दावं खेमराजच्या हातातून सुटलं. इतवारीनं ते धरलं.

"अगा, हे अंग तं अजून कच्चंच आहे!" कुंदाबाई इतवारीवर उसळली. "रोज येऊन काय लावत होता तू? कप कप चहा पिऊन गेला माहा, अन् जनावर अजून तडफडून राहिलं!"

इतवारीनं मान खाली घातली. "वयनी, जेवढं जमलं तेवढं केलं. यावेळी गुन नाई आला."

खेमराज याच घडीची वाट पाहत होता. इतवारी सगळ्या गावासमोर खाली पाहत होता. ही घडी आली म्हणजे काय काय बोलायचं, ते त्यानं पाठ करून ठेवलं होतं. पण सरदारच्या डाव्या खांद्याची कातडी थरथरत होती, आणि पाठ केलेलं काही आठवेना. एवढ्यात रामलाल गर्दीतून ओरडला:

"पालापाचोरा आता सोडा बाप्पा! इतवारीचा घ्या, अन् खेमराजच्या आजाचाबी घ्या, सारा गोळा करा अन् बोदलकशात फेका. घरोघरी ट्यूब आना!"

लोक हसले. आणि खेमराजच्या आतलं जे काही इतके दिवस धुमसत होतं, ते तोंडातून बाहेर आलं.

"कोनाची ट्यूब बे? ट्यूबच्या बापानं पार जोडली होती का? त्या खांद्याले माह्या आजाचा पाला होता! रोज लावला मी! ट्यूब वरून फासली, निस्ती दाखवायले!"

सरदार सोडून आखरावरचं प्रत्येक जनावर आणि माणूस त्याच्याकडं वळलं. कुंदाबाईच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"आताच बैलाची आन घेतली ना जी तुमी?"

"घेतली."

मॅडमनं पेन बंद केलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "काका, मी विचारलं होतं तुम्हाला."

"चुकलं माहं. पन आता लिवा ना मॅडम. बिसेनाचा पाला लिवा. साऱ्याइनं पाह्यलं ना, कसा भरला खांदा!"

"काय लिहू? तिथं पालाही होता आणि ट्यूबही होती. कोणामुळं भरलं, कसं सांगू? कदाचित दोघांनी मिळून भरलं असेल."

दोघांनी मिळून! त्या नळकांडीशी भागीदारी! खेमराज मटकन तिथंच बसला.

"सरदार माझ्या अभ्यासातून गेला," मॅडम म्हणाली. "त्याचे तुकडे मी बाजूला काढणार, आणि का काढले तेही लिहिणार. तुमच्या पाल्याचं बघायचं असेल तर पुढच्या वर्षी, एकट्याचं. मुळाफुलासकट झाड द्यावं लागेल, नाव सांगावं लागेल, आणि लावायला माझा माणूस येईल. तुम्ही नाही."

ती प्लास्टिकचे तुकडे गोळा करून निघून गेली. लोकही हळूहळू आपापल्या बैलांच्या खांद्यांकडं वळले. रामलाल तर गालात हसत आधीच सटकला होता. उरला इतवारी, दावं धरून.

खेमराज वर न पाहता म्हणाला, "हास. हासून घे एकदाचा."

"हासू काऊन? पह्यल्याच दिसापासून मले वास येत होता."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तू कवा बोलते म्हनून पाहत होतो." इतवारीनं सरदारच्या डाव्या अंगाकडं मान केली. "भाऊ, जनावर अभ्यासातून गेलं तं गेलं. आता इकडं बी तुहा पाला लाव ना. उद्या पोळा आहे. एवढा खांदा घेऊन कसा मिरवन तो?"

खेमराज हिशोब करू लागला. डाव्या अंगाला पाला लावायचा म्हणजे जे कोणी गिरवणार नाही, लिहिणार नाही, फोटो काढणार नाही, असं काम. फुकट गेलेला गुण. पण सरदारची कातडी अजून थरथरत होती.

तो उठला, पारेवर गेला आणि सदऱ्याच्या आत लपवून पाला घेऊन आला. इतवारीनं तोवर सरदारला गोठ्यात आणून उभं केलं होतं. तिथं खेमराजनं पाटा मांडला.

"डोरे मीट," तो म्हणाला.

इतवारीनं सरदारचं दावं घट्ट धरलं आणि डोळे मिटले. अगदी इमानदारीनं मिटले, पापण्यांना सुरकुत्या पडेस्तोवर.

खेमराज वाटू लागला. बिसेनांच्या घरात पाला असा वाटतात, की वरवंट्याचा आवाज येत नाही. पाणी घालायचं नाही, पाल्यानं आपलं पाणी आपण सोडायचं. आधी देठ, मग पान, मग शेवटी कोवळा शेंडा, नुसता दाबायचा, चुरायचा नाही. मनगट आजाचं होतं आणि ते आज असं चाललं होतं, की पाट्यावर हिरवा रंग लोण्यासारखा वर चढत होता. असं वाटण गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. आणि पाहायला कोण? भिंत आणि मांजर. आणि सगळ्या जिल्ह्यात ज्या एका माणसाला हे वाटण काय चीज आहे ते कळलं असतं, तो दोन हातांवर डोळे मिटून उभा.

खेमराजचा हात थांबला. पुन्हा चालला. पुन्हा थांबला.

"इतवारी."

"हो भाऊ."

"उघड डोरे."

"गुन जाईन ना गा?"

"जाऊ दे गेला तं. पाह्य इकडं. आलं का असं कवा तुह्या बापाले?"

इतवारीनं डोळे उघडले. पाट्यावर वाकून बराच वेळ पाहिलं. बोटाच्या टोकावर थोडं घेतलं, अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं. त्याचे ओठ आत ओढले गेले, आणि मानेवरची शीर टचकन वर आली.

खेमराजला ती शीर नवी नव्हती. इतकी वर्षं इतवारीला पाहून ती त्याच्याच मानेवर यायची. त्यानं हिरवा गोळा तळहातावर घेतला, सरदारच्या डाव्या खांद्याशी गेला आणि हलक्या हातानं भरू लागला. मध्येच मागं वळून इतवारी नीट पाहतोय ना, याची खात्री करून घेतली.